वाघोलीचं निळं खनिज फिरोजा नव्हे

पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत फिरोजा मिळतो, असं कुणी सांगेल. ते खरं नाही. फिरोजा म्हणजे तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमचं फॉस्फेट. वाघोलीचं ते निळं खनिज म्हणजे कॅव्हन्साइट, कॅल्शियम-व्हॅनेडियमचं सिलिकेट. त्याची निळाई व्हॅनेडियमची. भिंगातून बघा: स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर बारीक, चमकदार सुयांचे गोल गुच्छ दिसतील. फिरोज्याचे स्फटिक डोळ्यांना सहसा दिसतच नाहीत. तो सलग आणि मेणचट असतो. कॅव्हन्साइटची कठिणता मोह्सच्या 1 ते 10 या मापावर जेमतेम 3 ते 4, चाकूचा ओरखडा सहज उठतो. पण कृपा करून ही परीक्षा तुटक्या कणावरच करा, अखंड गुच्छावर नको! नमुना काढायचा असेल तर खाणमालकाची परवानगी घ्या, हातोडा गुच्छापासून लांब मारा आणि तो खालच्या बेसाल्ट खडकासकट उचला.