सगुणा राईस टेक्निक (एसआरटी)

दरवर्षीची नांगरणी, चिखलणी आणि लावणी ही तिन्ही कामे वगळून कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर भात टोकण्याची पद्धत. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ती विकसित केली. पुढे इतर पिकांसाठीही ती वापरली जाऊ लागली आणि ‘सगुणा रिजनरेटिव्ह टेक्निक’ असे नाव आले. एसआरटी हे लघुरूप तेच राहिले. मातीतला सेंद्रिय कर्ब वाढवणे आणि पावसाचे पाणी शेतातच मुरवणे हा तिचा गाभा आहे.

कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण ३,००० मिमी पाऊस पडतो, तरी मार्च-एप्रिलमध्ये अनेक गावांच्या विहिरी तळ गाठतात. तीव्र उतार आणि सच्छिद्र जांभा ही त्याची मोठी कारणे. मात्र खाचरात पडलेले पाणी तिथेच का मुरत नाही, याचे उत्तर बरेचसे चिखलणीत आहे. साचलेल्या पाण्यात माती घुसळली की तिच्या कणांची रचना मोडते, बारीक कण पोकळ्यांत बसतात आणि फाळाच्या खाली घट्ट थर धरतो. खाचरात पाणी उभे राहावे म्हणून शेतकऱ्याला हाच थर हवा असतो. त्याचा तोटा कापणीनंतर दिसतो. तीच जमीन भेगाळते आणि कुदळीलाही दाद देत नाही. जुलैत, लावणीच्या दिवसांत, एका खाचरातून खालच्या खाचरात उतरणारे पाणी ओंजळीत घेतले तर ते तांबूस, दाट असते. हा रंग वरच्या थरातल्या सकस मातीचा असतो आणि ती ओढ्याला लागली की परत येत नाही. त्यात आवणासाठी, म्हणजे लावणीच्या रोपांसाठी, राब भाजण्याची रीत आहे. त्यासाठी झाडांच्या फांद्या, शेण आणि पालापाचोळा जाळला जातो, म्हणजे जे मातीत कुजायला हवे त्याची राख होते.

एसआरटीत जमीन एकदाच नांगरून गादीवाफे पाडतात. वाफ्याचा माथा सुमारे १०० सेंमी रुंद असतो. पुढील वर्षांत हे वाफे मोडत नाहीत. पेरणीला लोखंडी साचा वापरतात. ओल्या वाफ्यावर तो दाबला की २५ × २५ सेंमी अंतरावर सारखी भोके पडतात, म्हणजे चौरस मीटरला १६ चुडांची (रोपांच्या झुबक्यांची) जागा होते. प्रत्येक भोकात बीजप्रक्रिया केलेले तीन-चार दाणे आणि चिमूटभर खत टाकून माती लोटतात. आवण काढणे, मूठ बांधणे, भर पावसात कमरेत वाकून लावणी करणे हे सगळे टळते. लावणीला माणसे मिळत नाहीत म्हणून ज्यांनी शेत ओसाड टाकले होते, त्यांच्या दृष्टीने हा मोठा दिलासा आहे.

पद्धतीचा खरा जीव मात्र कापणीनंतर दिसतो. भात कापल्यावर बुडखे उपटत नाहीत. मुळे जागच्या जागी मरतात, कुजतात आणि त्यांच्या जागी बारीक नळ्या उरतात. वाफ्याचा तुकडा अलगद उकलून पाहिला तर काळपट अस्तराच्या या नळ्या डोळ्यांना दिसतात. त्यांतून हवा आणि पाणी खाली जाते, पुढच्या पिकाची मुळेही बहुधा तीच वाट धरतात. नांगर फिरत नसल्याने गांडुळांची बिळे शाबूत राहतात आणि वाफ्यावर त्यांच्या विष्ठेच्या गोळ्या साचतात. चिखल नसल्याने व पाणी सतत तुंबून राहत नसल्याने मिथेन वायूही कमी तयार होतो, कारण तो तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना प्राणवायूविना जागा लागते.

भातामागून उरलेल्या ओलीवर वाल घेणे रायगडात जुनेच आहे. एसआरटीत त्याच वाफ्यांवर वाल, हरभरा, मूग किंवा चवळी मशागतीशिवाय टोकता येते. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी नत्र स्थिर करतात आणि त्यांची मुळेही जमिनीतच राहतात. पिकांची अशी साखळी सलग काही वर्षे चालली तरच जमिनीचा पोत बदलतो. एका हंगामात निकाल मागणाऱ्याची निराशा होते. ऊस उत्पादक पट्ट्यातही शून्य मशागतीचे प्रयोग झाले आहेत. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी उसाचे जमिनीखालचे अवशेष जागेवर कुजवण्यावर दीर्घकाळ काम केले.

मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. सखल, कायम पाणी तुंबणाऱ्या खाचरात थेट टोकलेले बी कुजते. चिखल आणि उभे पाणी तण दाबत असते. ते काढून घेतले की तण उसळते. प्रचलित एसआरटीत त्यासाठी तणनाशके वापरतात, आणि बुडख्यांना फुटवे येऊ नयेत म्हणून ग्लायफोसेट हे तणनाशकही फवारतात. हा पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे व तो रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्ककारक’ गटात टाकले. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. दाट कडधान्याने वाफा झाकणे, तण फुलोऱ्याआधी कापून जागेवरच आच्छादन म्हणून पसरणे हे पर्याय उपलब्ध आहेत. त्यांना मजुरी जास्त लागते, आणि एसआरटीने वाचवलेली मजुरी त्यांवर खर्च करायला शेतकरी सहज तयार होत नाहीत.