ती कविता नवऱ्याने लिहिलेली नाही
‘कार्व्ह हर नेम विथ प्राइड’ या १९५८च्या चित्रपटामुळे अनेकांना अजून वाटतं, की ‘द लाइफ दॅट आय हॅव’ ही कविता दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश हेर व्हायोलेट साबो हिला तिच्या नवऱ्याने दिली. साफ चूक. हेर होण्याआधी लंडनच्या दुकानात अत्तरं विकणाऱ्या व्हायोलेटचा नवरा ऑक्टोबर १९४२मध्येच लढाईत मारला गेला होता. कविता १९४३च्या नाताळातली, ब्रिटिश हेरांचे संकेतप्रमुख लिओ मार्क्स यांची, विमान अपघातात गेलेल्या प्रेयसीसाठी लिहिलेली.

व्हायोलेटला ती गुप्त संदेश लिहिण्याच्या संकेताची किल्ली म्हणून मिळाली. कवितेतले पाच शब्द निवडायचे, त्यांच्या अक्षरांना वर्णक्रमाने आकडे द्यायचे, खाली मजकूर ओळीने भरायचा आणि आकड्यांच्या क्रमाने उभे रकाने उतरवायचे. हे सगळं दोनदा. प्रसिद्ध कविता जर्मन ओळखू शकत, म्हणून नवीच हवी. किल्लीतल्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं, तरी अख्खा संदेश लंडनमध्ये सहज उलगडेनासा व्हायचा.