सर्दी-फ्लूचा विषाणू नाकापर्यंत पोचतो कसा?

नाक चोंदलं की आपण म्हणतो, गारठा बाधला. गारठ्याचा यात हात आहे, पण आडून. थंडीत माणसं दारं-खिडक्या लावून बसतात, कोरड्या हवेत फ्लूचा विषाणू जास्त तग धरतो आणि नाकातलं ओलं अस्तर सुकलं की त्याची राखण ढिली पडते. आजारी पाडतो तो मात्र विषाणूच, आणि तो नाकापर्यंत दोन वाटांनी येतो: हातांवरून आणि हवेतून.

सर्दी आणि फ्लू एकाच माळेचे मणी नव्हेत. सर्दीमागे 200 हून अधिक विषाणू आहेत. त्यांतल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचे 160 च्या वर प्रकार, म्हणून एक सर्दी होऊन गेली तरी पुढची टळत नाही. सर्दी घशाच्या खवखवीपासून हळूहळू चढते. फ्लू मात्र अचानक गाठतो: सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी 39 अंश तापाने आणि अंगदुखीने आडवा होतो.

फ्लूच्या विषाणूवर चरबीचं वेष्टण असतं. साबण ते फोडतो आणि विषाणू निकामी होतो. ऱ्हायनोव्हायरसला असं वेष्टणच नाही. त्यामुळे अल्कोहोललाही तो तितक्या सहज बधत नाही. त्याला चोळून सुटा करायचा आणि पाण्याबरोबर वाहून घालवायचा. सर्दीच्या दिवसांत सॅनिटायझरपेक्षा साबण-पाणी बरं, ते यासाठी. सॅनिटायझर वापरायचाच तर निदान 60 टक्के अल्कोहोलचा घ्यावा आणि तो वाळेपर्यंत हात चोळत राहावं. शेंबडाने ओल्या झालेल्या हातावर मात्र त्याचा भरवसा धरू नये.

हात धुताना बहुतेक जण तळव्यावर तळवा घासून मोकळे होतात. राहतात ती बोटांची टोकं आणि अंगठे, आणि नाकात, डोळ्यात जातात तीच. म्हणून बोटांच्या बेचक्या झाल्या की एकेक अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून फिरवा, मग नखं तळव्यावर घासा. अंगठीखालीही साबण जाऊ द्या. सगळं मिळून 20 सेकंद. नंतर हात पुसून पूर्ण कोरडे करा. ओल्या हाताला जंतू चटकन चिकटतात आणि पुढेही तसेच जातात.

हवेतून येणाऱ्या विषाणूवर हाताचा साबण काय करणार? तिथे समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडणं आणि गर्दीत नाकावर नीट बसणारा मास्क लावणं एवढंच हाती आहे. फ्लूचा रुग्ण लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच विषाणू पसरवत असतो. त्यामुळे शिंकणाऱ्यापासूनच दूर राहिलं की झालं, असं नाही. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू आपलं रूप बदलत राहतो. तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून साथ दारात येण्याआधीच ती घ्या.

शेंबूड पिवळा-हिरवा झाला की अँटिबायोटिक मागण्याची घाई होते. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका विकराचा (एन्झाइमचा) असतो आणि साध्या सर्दीतही येतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनसारखे थेंब तीन दिवसांपलीकडे नकोत. औषध उतरलं की नाकातल्या रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, पुन्हा थेंब, पुन्हा सूज, असं चक्र लागतं. तापाची गोळी आणि सर्दीची गोळी एकत्र घेताना दोन्हींची वेष्टनं वाचा: पॅरासिटामॉल बऱ्याचदा दोन्हींत असतं आणि नकळत दुप्पट पोटात जातं. मुलांना फ्लूच्या तापात अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

फ्लूवरची ऑसेल्टामिविर ही गोळी पहिल्या 48 तासांत सुरू केली तर सर्वात जास्त उपयोगी पडते. म्हणून गरोदर, वयस्क, दमा किंवा मधुमेह असलेल्यांनी ‘दोन दिवस बघू’ म्हणू नये. धाप लागणं, छातीत दुखणं, असंबद्ध बोलणं किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणं यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ताप असा परतला, तर फ्लूच्या पाठोपाठ न्यूमोनिया आलेला असू शकतो.