साडेचार सेकंदांची चाल

तीन मिनिटांच्या ब्लिट्झ डावात प्रत्येक खेळाडूला सगळ्या डावासाठी मिळून १८० सेकंद असतात. डाव चाळीस चालींपर्यंत गेला, तर एका चालीच्या वाट्याला साडेचार सेकंद आले. तेवढ्यात पट पाहायचा, समोरच्याचा बेत ओळखायचा, आपली चाल ठरवायची आणि माउसने मोहरा उचलून नव्या घरात ठेवायचा. मोठ्या स्पर्धांतल्या क्लासिकल डावात पहिल्या चाळीस चालींना ९० मिनिटं आणि वर दर चालीला ३० सेकंद अशी वेळ सर्रास असते, म्हणजे सरासरीने चालीला पावणेतीन मिनिटं. ब्लिट्झ खेळणाऱ्याच्या हाती त्यातले तीन टक्केही येत नाहीत. आणि तरी कसलेला खेळाडू त्या साडेचार सेकंदांत जे खेळतो, ते बहुतेक वेळा चांगलंच असतं. बुद्धिबळातली मला सर्वांत अचंब्याची वाटणारी गोष्ट ही.

माझा भाचा इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. इंजिनिअरिंगला आहे, रात्री अभ्यास आटोपला की लॅपटॉपवर ब्लिट्झ खेळतो. ऑनलाइन रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) २३०० च्या आसपास, म्हणजे खेळ चांगलाच पक्का. पण बरेच महिने तो त्याच आकड्याशी घुटमळतो आहे. “मामा, माझा स्पीड कमी पडतोय,” हे त्याचं स्वतःचं निदान, आणि त्यावरचा उपाय म्हणून आणखी ब्लिट्झ; तेवढ्याने भागेना म्हणून एका मिनिटाचा बुलेट. त्याच्याबरोबर खेळणारी इंदूरची इतर मुलंही असंच मानतात. निदान इतकं सरळ दिसतं की त्यावर शंका घ्यावीशी कुणाला वाटत नाही. मला वाटली, कारण मानसशास्त्रज्ञांनी गेल्या ऐंशी वर्षांत बुद्धिबळपटूंवर जे प्रयोग केले, त्यांचा कल दुसरीकडे आहे.

सुरुवात होते हॉलंडच्या आद्रियान द ग्रोट यांच्यापासून. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि आपल्या देशाकडून बुद्धिबळाचं ऑलिंपियाड खेळलेले खेळाडूही होते. जगज्जेते अलेखिन, ग्रँडमास्टर केरेस यांच्या तोडीच्या खेळाडूंसमोर त्यांनी डावातली एखादी स्थिती मांडली आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत चाल शोधायला सांगितलं. हेच त्यांनी साध्या क्लबच्या खेळाडूंनाही करायला लावलं. अपेक्षा अशी होती की दिग्गज पुष्कळ पुढच्या चाली मोजत असतील. तसं फारसं आढळलं नाही. दोघांच्या मोजणीची खोली बरीचशी सारखी होती. फरक होता तो पहिल्या काही क्षणांत: दिग्गजांच्या मनात सुरुवातीलाच ज्या दोन-तीन चाली येत, त्यांत चांगली चाल असे, क्लबच्या खेळाडूच्या मनात ती बहुधा येतच नसे. द ग्रोट यांचा हा प्रबंध १९४६ साली प्रसिद्ध झाला.

असं का होतं, याचं उत्तर १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी शोधलं. (हेच सायमन पुढे १९७८ साली अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले.) त्यांनी खऱ्या डावातली पंचवीसेक मोहऱ्यांची स्थिती फक्त पाच सेकंद दाखवली आणि मग ती रिकाम्या पटावर मांडायला सांगितली. मास्टरने पहिल्याच प्रयत्नात सोळाच्या आसपास मोहरे बरोबर ठेवले, नवशिक्याने चार. मग तेच मोहरे पटावर वाटेल तसे विखरून दाखवले. मास्टरचा सगळा वरचढपणा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा काही वेगळ्या दर्जाची नव्हती. त्याला मोहरे सुटे दिसत नव्हते. किल्लेकोट केलेला राजा, त्यापुढची तीन प्यादी आणि आत आणलेला उंट हे त्याच्या दृष्टीने पाच तुकडे नसून एकच आकृती होती. अशा किती आकृत्या मास्टरच्या डोक्यात असतात? सायमन यांचा अंदाज पन्नास हजारांच्या आसपासचा होता. पुढच्या काळात या सिद्धांतात दुरुस्त्या झाल्या (विखुरलेल्या मोहऱ्यांतही मास्टर थोडासा सरस ठरतो, कारण योगायोगाने तिथेही लहान आकृत्या तयार होतात), पण गाभा टिकला.

डोळ्यांच्या हालचाली टिपणारी उपकरणं आली तेव्हा यालाच दुजोरा मिळाला. तज्ज्ञाची नजर मोहऱ्यांवर कमी आणि दोन मोहऱ्यांच्या मधल्या जागेवर जास्त थांबते. एका दृष्टिक्षेपात तो त्यांच्यातलं नातं उचलतो: कोण कोणावर रोखलेलं आहे, कोण कोणाला राखतं आहे.

आता साडेचार सेकंदांचं कोडं उलगडू लागतं. ओळख पटायला वेळ लागत नाही. पुढच्या चाली मोजायला लागतो. वेळ कापली की मोजणी कापली जाते, ओळख तशीच उरते. ब्रूस बर्न्स यांनी २००४ साली ब्लिट्झ आणि नेहमीच्या वेळेच्या डावांची आकडेवारी मांडून तुलना केली. नेहमीच्या वेळेच्या पाच टक्क्यांहूनही कमी वेळात खेळाडू कसा खेळतो, एवढं माहीत असलं, तरी खेळाडूंच्या एकूण ताकदीतल्या फरकाचा ८१ टक्क्यांपर्यंत उलगडा होतो, असं त्यात दिसलं. जो सावकाश खेळताना श्रेष्ठ, तोच बहुधा घाईतही श्रेष्ठ.

मात्र या आकड्याचा अर्थ नीट लावायला हवा. तो खेळाडूंच्या क्रमवारीबद्दल बोलतो, चालींच्या दर्जाबद्दल बोलत नाही. सगळ्यांचाच वेळ कापला आणि सगळ्यांच्याच चाली बिघडल्या, तर क्रम तसाच राहू शकतो. चालींचा दर्जा ख्रिस्तोफर शाब्री आणि एलियट हर्स्ट यांनी २००३ मध्ये तपासला. ग्रँडमास्टरांचे क्लासिकल आणि रॅपिड (ब्लिट्झहून लांब, पण क्लासिकलहून बरेच छोटे) डाव त्यांनी संगणकाकडून चुकांसाठी तपासून घेतले. रॅपिडमध्ये चुका वाढल्या, आणि मोठ्याही झाल्या. तेव्हा मोजणी ही चैनीची बाब आहे, असं कुणी समजू नये. ओळख चाल सुचवते आणि मोजणी त्या चालीची झडती घेते. ब्लिट्झमध्ये ही झडतीच राहून जाते.

झडती राहिली की काय होतं, हे दाखवणारा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लाउड आणि फर्नांड गोबे यांनी २००८ साली तो प्रसिद्ध केला. एका स्थितीत मात देण्याचे दोन मार्ग होते. एक सर्वपरिचित: वजिराचा बळी द्यायचा आणि आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याने मात करायची. दुसरा कमी ओळखीचा, पण त्याहून छोटा. खेळाडूंना परिचित मार्ग लगेच दिसला. मग त्यांना सांगितलं की याहून छोटा मार्ग आहे का ते शोधा. “शोधतोय,” असं ते मनापासून म्हणत होते, पण नजर टिपणारं उपकरण सांगत होतं की त्यांची नजर पुन्हा पुन्हा पहिल्या मार्गाच्याच घरांवर जाते आहे. ओळख इतकी घट्ट की तिने दुसरी वाट झाकली. आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

भाच्याचे हरलेले डाव आम्ही दोघांनी इंजिन (चाली तपासणारा संगणकी प्रोग्रॅम) लावून पाहिले ते हा प्रयोग मनात ठेवून. त्याची समजूत होती की चुका शेवटच्या वीस सेकंदांत होतात. काही होत्याच. पण डाव ज्यांनी फिरला अशा बऱ्याच चुका घड्याळात दीड-पावणेदोन मिनिटं शिल्लक असताना झालेल्या निघाल्या, आणि त्या चालींवर त्याने जेमतेम सेकंद घालवला होता. स्थिती सिसिलियन बचाव या त्याच्या नेहमीच्या सुरुवातीतल्यासारखी दिसत होती म्हणून नेहमीची चाल. एक प्यादं एका घराने वेगळीकडे होतं, एवढाच फरक. इथे वेग वाढवून काय मिळणार? त्याला हवं होतं ते कुठे थांबायचं याचं भान.

बुलेटचं गणित थोडं निराळं आहे, ते पटकन सांगतो. एका मिनिटाच्या डावात चाळीस चाली म्हणजे चालीला दीड सेकंद. डोळ्यांना काही दिसून बोट हलायलाच सुमारे पाव सेकंद जातो. शिवाय लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका हात तिथे पोहोचायला वेळ लागतो. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला हा नियम उंटाला कोपऱ्यातून कोपऱ्यात नेणाऱ्या माउसलाही लागू पडतो. समोरच्याची चाल येण्याआधीच आपली चाल लावून ठेवायची प्रीमूव्हची सोय यासाठीच वापरतात. त्यामुळे बुलेटच्या रेटिंगमध्ये हाताचा आणि इंटरनेटच्या जोडणीचाही वाटा असतो. ते कौशल्य खरंच आहे, पण पटाच्या समजेशी त्याचा संबंध थोडा. दर चालीला दोन सेकंद वाढवून देणारा ब्लिट्झ मला यासाठी जास्त प्रामाणिक वाटतो. चालीगणिक वेळ वाढवणाऱ्या घड्याळाचं पेटंट बॉबी फिशर यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी मिळवलं. त्याआधी जिंकलेली स्थिती निव्वळ काटा पडला म्हणून हातची जायची.

डोकं जलद चालणं हेच सर्वस्व असतं, तर वयाने विश्वनाथन आनंद यांना केव्हाच बाद केलं असतं. साधी प्रतिक्रिया देण्याचा वेग तारुण्यातच उतरू लागतो. पण २०१७ च्या डिसेंबरात रियाधला आनंद रॅपिडचे जगज्जेते झाले, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते, आणि त्याच आठवड्यात त्यांनी ब्लिट्झचं कांस्यही घेतलं. कोनेरू हंपी यांनी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, महिलांचं जागतिक रॅपिड विजेतेपद मिळवलं. अर्थात वय अगदीच निष्प्रभ नसतं: २०२५ साली बातुमीच्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने याच हंपींना रॅपिडच्या टायब्रेकमध्ये (बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा डावांत) हरवलं. मला आनंदचं उदाहरण अधिक बोलकं वाटतं, कारण त्यात ओळखीच्या साठ्याने वयाची भरपाई केलेली स्पष्ट दिसते.

हा साठा वाढतो कसा? नील चारनेस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मोठ्या संख्येने खेळाडूंच्या सरावाचा हिशेब मांडला. ताकदीशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाचं. ग्रँडमास्टर झालेल्यांनी पहिल्या दहा वर्षांत सरासरी पाच हजार तास असा अभ्यास केला होता, मध्यम खेळाडूंच्या जवळजवळ पाचपट. पण यावरून तासांचा सरसकट नियम काढता येत नाही. अर्जेंटिनातल्या खेळाडूंच्या पाहणीत मास्टरच्या पातळीला पोहोचायला कुणाला तीन हजार तास लागले होते, तर कुणाला तेवीस हजार. ज्यांना तेवीस हजार लागले त्यांच्या चिकाटीबद्दल मला विशेष आदर वाटतो.

इंदूरच्या माणसाला हे समजायला इंदूर घराण्याचे गायक उस्ताद अमीर खाँ पुरेत. अतिविलंबित लयीत झुमरा तालातलं त्यांचं गाणं ऐकलेल्याला त्यांची द्रुत तान कुठून येते हे कळतं. मेरुखंडात, म्हणजे स्वरांचे सगळे क्रम घोटण्याच्या पद्धतीत, सात स्वरांच्या ५०४० जुळण्या होतात. त्या सावकाश घोटून गळ्यात बसल्या की तानेच्या वेगात शोधत बसावं लागत नाही. ब्लिट्झमध्ये नवी आकृती मनात रुजायला सवडच नसते. तिथे असलेल्याच आकृत्या वापरल्या जातात, आणि त्यांतल्या चुकीच्या सवयीही तितक्याच पक्क्या होतात.

आता रेटिंगबद्दल, कारण भाच्याचा सगळा जीव त्या आकड्यात अडकलेला असतो. समजा, बरोबरीच्या खेळाडूला हरवलं की ८ गुण मिळतात आणि हरलं की ८ जातात. कौशल्य तसूभरही बदललं नाही, तरी रेटिंग खऱ्या पातळीच्या आजूबाजूला हेलकावत राहतं. रेटिंगची पद्धत मांडणाऱ्या आर्पाड एलो यांच्या सूत्रावरून, बरोबरीत सुटणारे डाव सोडून, हिशेब केला तर या हेलकाव्याचं प्रमाण विचलन (खऱ्या पातळीपासूनचा नेहमीचा फरक) सुमारे ३७ गुण येतं, आणि अधूनमधून त्याच्या दुपटीइतकाही फरक पडतो. म्हणजे खरी पातळी २३०० असलेला खेळाडू केवळ योगायोगाने कधी २३७५ ला टेकेल, कधी २२२५ ला घसरेल. २३७५ च्या रात्री त्याला वाटेल आपण सुधारलो. २२२५ च्या रात्री वाटेल डोकं गंजलं. दोन्ही वेळा काहीच घडलेलं नसतं. आणि अभिमानाने सांगितलं जाणारं ‘सर्वोच्च रेटिंग’ म्हणजे बऱ्याच अंशी सर्वांत नशीबवान रात्रीची नोंद असते.

याची दुसरी बाजू अशी की खरी सुधारणाही लवकर दिसत नाही. ३० गुणांनी ताकद वाढली, तर जुन्या बरोबरीच्या खेळाडूंविरुद्ध १०० डावांत ५० ऐवजी ५४ डाव जिंकले जातील. हा फरक योगायोगाचा नाही असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणायला पाचशेहून जास्त डाव लागतात.

म्हणून भाच्याचं वेळापत्रक आम्ही बदललं आहे. बुलेट बंद. ब्लिट्झ रोज थोडा, दोन सेकंदांच्या वाढीसह. हरलेल्या प्रत्येक डावातली पहिली मोठी चूक वहीत आकृतीसकट उतरवायची आणि शेजारी कारण लिहायचं: आकृतीच माहीत नव्हती, माहीत होती पण झडती घेतली नाही, की खरोखरच वेळ संपली होती. पहिल्या प्रकाराला अभ्यास, दुसऱ्याला मुद्दाम थांबण्याची सवय, तिसऱ्याला घड्याळाची आखणी. तिघांचं औषध वेगळं. आठवड्यात एखादा लांब डाव, शक्यतो समोरासमोर. जुन्या आकृत्या काही दिवसांच्या अंतराने पुन्हा मांडून पाहायच्या, कारण विसरू लागलेलं आठवून काढलं की ते जास्त टिकतं. रेटिंगचा आकडा पडद्यावरून लपवण्याची सोय आहे, ती त्याने कुरकुरत का होईना वापरायला घेतली आहे. पाचशे डाव होईपर्यंत तो उघडायचा नाही, असं ठरलं आहे. तोवर मोजायचं ते वहीतलं: दुसऱ्या प्रकारच्या नोंदी महिन्यागणिक कमी होतात की नाही.