नाक दाबून औषध पाजू नका
‘नाक दाबलं की तोंड उघडतं’ ही म्हण लहान मुलाला कडू औषध पाजताना अनेक घरांत शब्दशः अमलात आणली जाते. तोंड उघडतं हे खरं, पण गिळायला नव्हे, श्वास घ्यायला. त्या श्वासासरशी औषध श्वासनलिकेत, तिथून फुप्फुसात उतरू शकतं. मूल रडत असेल, आडवं धरलेलं असेल तर धोका आणखी वाढतो.

त्याला मांडीवर ताठ बसवा. बिनसुईची सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला टेकवून अर्धा-एक मिली सोडा. गिळलेलं दिसलं की मगच पुढचं. घाई कृपा करून नकोच. कडूपणा घालवायला वरून काय द्यायचं, ते डॉक्टरांना विचारा, कारण काही अँटिबायोटिक्सबरोबर दूध-दही चालत नाही. मध मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.