गंज लागतो आडोशाला

गाडी १५ वर्षांची झाली की नागपुरात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘आता भंगारात काढा, कायदाच आहे.’ दुसरा, ‘डेंटिंग-पेंटिंग करून घ्या, पासिंगला काही होत नाही.’ पहिला सल्ला दिल्लीच्या बातम्यांमधून आलेला आहे. १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंधने राजधानी परिसरासाठी आहेत. एमएच ३१, एमएच ४९ किंवा एमएच ४० पाटीच्या खासगी गाडीला मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे तपासणीनंतर नोंदणी पुढे ५-५ वर्षांसाठी वाढवून मिळू शकते. दुसरा सल्ला मात्र अस्सल घरचा, आणि मला विचाराल तर जास्त घातक. रंग लागतो दिसणाऱ्या पत्र्याला. गाडी सडते ती न दिसणाऱ्या पत्र्यात. याचे कारण गंजाच्या रसायनशास्त्रातच आहे.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो, एवढे शाळेत शिकलेले असते. त्यावरून आपण धरून चालतो की जिथे हवा जास्त, तिथे गंज जास्त. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एका थेंबावर हा समज उलटा करून दाखवला. प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेत आजही करता येतो. पॉलिश पेपरने घासलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. त्यात फिनॉल्फथॅलिन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड हे दोन दर्शक आधीच मिसळलेले असतात. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी होते आणि मधोमध गडद निळा डाग उमटतो.

कडेला पाण्याचा थर पातळ असतो, हवेतला प्राणवायू सहज आत शिरतो. तिथे तो इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि पाणी अल्कधर्मी होते, म्हणून गुलाबी रंग. हे इलेक्ट्रॉन पुरवते थेंबाच्या मधले लोखंड, कारण तिथला प्राणवायू केव्हाच संपलेला असतो. तिथे लोखंड आयन होऊन पाण्यात उतरते, म्हणून निळा रंग. मधले लोखंडाचे आयन आणि कडेचे अल्कधर्मी पाणी यांची गाठ मधल्या पट्ट्यात पडते आणि तांबूस गंजाचे कडे तयार होते. म्हणजे धातू झिजतो एकीकडे, गंज दिसतो दुसरीकडे, आणि झिज होते ती हवा कमी पोचते त्या जागी.

विदर्भात ज्याच्या घरी पत्र्याचा कूलर आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. टाकीला भोक पडते ते गाळ बसलेल्या कोपऱ्यात किंवा पाण्याच्या रेषेच्या जरा खाली. वरचा उघडा पत्रा त्या मानाने बरा असतो. त्यात बोअरचे पाणी असेल तर विचारू नका. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि क्षारांच्या पाण्यातून विद्युतभार झपाट्याने वाहतो. याच बोअरच्या पाण्याने आपण दर रविवारी गाडी धुतो.

गाडीत असे आडोसे भरपूर आहेत. दारांखालच्या पोकळ पेट्या, चाकावरच्या कमानीची आतली दुमड, काचेखालची वायपरची खाच, कार्पेटखालचा फ्लोअर, आणि दोन पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडले आहेत ती प्रत्येक शिवण. पत्र्यांमधल्या फटीत पाणी आपोआप खेचले जाते आणि तिथेच बसते. कारखान्यात सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साह्याने पहिला लेप चढवतात, पण बंद पेटीच्या आत तो बाहेरइतका नीट बसत नाही. पाणी निघून जावे म्हणून पेट्यांना आणि दारांना खालून छोटी भोके ठेवलेली असतात. उन्हाळ्यात सावलीसाठी गाडी कडुनिंबाखाली लावायची आपली पद्धत. ती बारीक पाने वायपरच्या खाचेत कुजतात, निचरा तुंबतो आणि पहिल्याच पावसात पाणी थेट कार्पेटखाली उतरते. एसीची निचऱ्याची नळी तुंबली तरी तेच. कार्पेट वरून कोरडे लागते, खालचा फोम आठवडेच्या आठवडे ओला राहतो.

नागपूरची हवा तशी पत्र्याला बरी. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात तसा प्रकार नाही. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या ब्रिटिश संशोधकाने दाखवले होते की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावरचा गंज एकदम वेग घेतो. मे महिन्यातली आपली दुपार या रेषेच्या पुष्कळ खाली असते, ऑगस्ट वर. म्हणजे गंजाचा मुख्य हंगाम पावसाळ्याचे चार महिने. पण पत्र्याला चिकटलेला चिखल आणि क्षार हा हिशेब बिघडवतात. मॅग्नेशियम क्लोराइडसारखे क्षार जेमतेम ३३ टक्के आर्द्रतेतही हवेतला ओलावा ओढून ओले होतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या. त्या गाड्यांचे इंजिन, सीट, वायरिंग सगळे दुरुस्त झाले असेल. पण पेट्यांमधला गाळ कुणी धुऊन काढला का, हे जुनी गाडी घेताना जरूर विचारा.

आता तपासणीकडे. गंज दिसला म्हणून गाडी नापास व्हावी, असे शास्त्र सांगत नाही. प्रश्न असतो तो कुठे आहे याचा. ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत यासाठी एक साधा निकष आहे: सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट यांच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत भार पेलणारा पत्रा खराब झाला असेल तर गाडी नापास. दारावरचा डाग चालतो. आजच्या बहुतेक कारमध्ये भार पेलणारी वेगळी चौकट, म्हणजे चेसिस, नसते, पातळ पत्र्यांच्या पेट्याच सगळा भार वाहतात. धडकेत सीटबेल्टचा झटकाही त्यांनाच सोसावा लागतो. आपल्याकडे ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, धूर यांवर जास्त लक्ष असते. म्हणून पासिंगच्या आधी गाडी खालून आपणच बघितलेली बरी.

बघायची पद्धत गॅरेजमध्ये उभे राहून शिकावी. मिस्त्री गाडी रॅम्पवर घेतो, स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीने पेटी ठोकत पुढून मागे जातो. टण्, टण्, टण् आणि मग एकदम ठप्प. तिथे तो टोक दाबतो, पत्रा बिस्किटासारखा खचतो, आतून तपकिरी भुगा गळतो. “भाऊ, वरून चकाचक आहे, पण खालून पत्रा सडला ना.” हा भुगा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, म्हणून रंगाला फोड येतो आणि शिवणी फुगतात. फोड दिसला की समजावे, आतले काम बरेच आधी सुरू झाले आहे.

अशा जागी पुट्टी भरून वर डांबरी अंडरकोट मारणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट उपाय. ओल आत कोंडली जाते आणि इव्हान्सच्या थेंबाचा मधला भाग आपणच तयार करून देतो. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, त्याच जाडीचा नवा तुकडा सलग वेल्डिंगने बसवायचा, मग प्रायमर, आणि पेटीच्या आत मेण किंवा तेलाचा पातळ लेप, जो फटींत स्वतःच झिरपतो. फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर वरवरच्या गंजाला ठीक. पापुद्रे सुटलेल्या पत्र्याची ताकद ते परत आणत नाहीत. लोखंडी ब्रेक पाइपवर पापुद्रे दिसले तर मात्र पॉलिश पेपर हातात घेऊ नका, पाइपच बदला.

चेसिस नंबरची गोष्ट वेगळी. तो पत्र्यातच ठोकलेला असतो आणि त्याचा पेन्सिलने घेतलेला ठसा कागदपत्रांना लागतो. त्यावर गंज असेल तर काही मिस्त्री सरळ ग्राइंडर फिरवतात. आकडे पुसट झाले की नंबरात फेरफार केल्याचा संशय येतो, आणि तो निस्तरणे वेल्डिंगपेक्षा महाग पडते. तिथे रॉकेल, जुना टूथब्रश आणि थोडा वेळ एवढेच वापरावे, आणि आकडे स्वच्छ झाले की वर ग्रीसचा पातळ हात द्यावा.