‘स्कोअर किती आला?’ : छातीच्या सीटी स्कॅनची पार्श्वभूमी

छातीच्या सीटी स्कॅनवरून आज जे वाद ऐकू येतात (दर किती असावा, रेडिएशन किती, मुळात गरज होती का) त्यांतले बहुतेक कोविडच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत पेटले. ‘स्कोअर’ म्हणजे फुप्फुसांत आजार किती पसरलाय याचा स्कॅनवरून काढलेला पंचवीसपैकी आकडा; तेव्हा जो तो तोच विचारत होता.

त्याआधीचं थोडक्यात. रुग्णाच्या डोक्याचा पहिला स्कॅन लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी झाला. यंत्र बनवणारा अभियंता रेकॉर्ड काढणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता. एकेक छेद (शरीराच्या आडव्या कापाची प्रतिमा) घ्यायला मिनिटं लागत, त्यामुळे हलत्या छातीसाठी ते यंत्र निरुपयोगीच होतं. फुप्फुसांचं बारीक जाळं दिसू लागलं ते १९८० च्या दशकात, एक-दीड मिलिमीटर जाडीच्या छेदांमुळे. तेव्हाच्या एचआरसीटीत (हाय-रिझोल्यूशन सीटी, म्हणजे अशा पातळ छेदांचा स्कॅन) दोन छेदांमध्ये सेंटिमीटरभर जागा सोडलेली असे. १९९८ च्या सुमारास एका फेरीत अनेक छेद (स्लाइस) घेणारी मल्टिस्लाइस यंत्रं आली आणि एका श्वासात सबंध छाती पातळ छेदांत मिळू लागली. कोविडच्या काळात लोक ज्याला एचआरसीटी म्हणत होते तो बहुतेक वेळा हा सलग स्कॅन होता.

आता स्कोअरकडे. पंचवीसपैकी गुण देण्याची पद्धत कोविडसाठी निघालेली नाही. २००३ च्या सार्स साथीतून बऱ्या झालेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत किती खुणा उरल्या, हे मोजायला ती वापरली गेली होती. फुप्फुसांचे लोब (भाग) पाच, उजवीकडे तीन आणि डावीकडे दोन. प्रत्येक लोब किती टक्के व्यापलाय ते डोळ्यांनी अंदाजून शून्य ते पाच गुण द्यायचे : पाच टक्क्यांखाली एक, पंचाहत्तरच्या वर पाच. पाचांची बेरीज म्हणजे स्कोअर. उजवीकडचा मधला लोब सगळ्यांत लहान, पण बेरजेत त्याचं वजन खालच्या मोठ्या लोबइतकंच. आठच्या आत सौम्य, पंधराच्या वर गंभीर, अशी विभागणी आपल्याकडे रूढ झाली. इतरत्र अठराची रेषा धरली गेली, तर काही ठिकाणी चाळीसपैकी गुण देत. त्यातच को-रॅड्स नावाची दुसरी मोजणी आली. ती आजार किती पसरलाय हे सांगत नाही, कोविड असण्याची शक्यता किती एवढंच सांगते. एकाच रिपोर्टात ‘को-रॅड्स ५’ (शक्यता खूप जास्त) आणि ‘स्कोअर ६’ वाचून नातेवाईक गडबडले, तर त्यात नवल नव्हतं.

शिवाय हा आकडा त्या दिवसापुरता असतो. लक्षणांच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत स्कॅन कोरा येऊ शकतो. डाग साधारण दहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वाधिक दिसतात. तिसऱ्या दिवशी ‘फक्त तीन आला’ म्हणून निर्धास्त झालेली माणसं आठवड्याभरात ऑक्सिजनवर गेली.

मग स्कॅनला एवढं महत्त्व आलं कुठून? सुरुवात चीनमध्ये झाली. चाचण्या अपुऱ्या पडल्यावर हुबेई प्रांताने फेब्रुवारी २०२० मध्ये सीटीवरून केलेलं निदानही मोजायला घेतलं आणि एका दिवसात रुग्णसंख्या सुमारे पंधरा हजारांनी फुगली. आठवडाभरात तो निकष मागे घेतला गेला, पण ‘आधी स्कॅन’ ही कल्पना जगभर पोचली होती. आपल्याकडे आरटीपीसीआरचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी यायचा, स्कॅनचा त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर. डॉक्टरांनी स्कॅन लिहून देण्यात लबाडीच होती असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण पुढे खाट मिळवायला आणि रेमडेसिव्हिरची चिठ्ठी पुढे सरकवायला अनेक ठिकाणी स्कोअरच विचारला जाऊ लागला. आरटीपीसीआर टाळून थेट स्कॅन करणाऱ्यांची सरकारी यादीत नोंदच होत नव्हती, ते वेगळंच.

महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये दर बांधले : सोळा स्लाइसच्या आतल्या यंत्राला २,००० रुपये, सोळा ते चौसष्ट स्लाइसला २,५०० आणि त्यावर ३,०००, फिल्म, रिपोर्ट, पीपीई किट, सगळं धरून. निर्णय रुग्णांच्या बाजूचा होता, यात शंका नाही. पण दर बांधताना स्कॅन कोणाचा करावा हा प्रश्न बाजूलाच राहिला आणि परवडू लागल्यावर रांगा वाढल्या. एप्रिल २०२१ मधल्या केंद्राच्या उपचारसूचनांनी आजाराची तीव्रता श्वासाचा वेग आणि सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) यांवर ठरवली; मध्यम रुग्णालाही प्रकृती खालावली तरच एचआरसीटी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ऑक्सिमीटरवरचा ९३ हा आकडा स्कोअरपेक्षा जास्त कामाचा होता आणि फुकट होता.

मे २०२१ च्या सुरुवातीला दिल्लीतल्या एका बड्या सरकारी संस्थेच्या प्रमुखांनी सांगितलं की एक सीटी म्हणजे छातीचे तीन-चारशे एक्स-रे. रेडिऑलॉजिस्टांची संघटना खवळली. आधुनिक स्कॅन पाच-दहा एक्स-रेइतकाच, असं तिचं म्हणणं. दोघांचेही आकडे कागदावर बसतात. छातीचा एक एक्स-रे सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजण्याचं एकक), नेहमीचा सीटी सातच्या आसपास. भागाकार केला की साडेतीनशे. तोच स्कॅन अत्यल्प डोसवर केला तर सातचा आकडा ०.२ पर्यंतही उतरतो, म्हणजे दहा एक्स-रे. वाद खरा एवढाच होता की तालुक्याच्या गावातल्या रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रावर कोणता प्रोटोकॉल, म्हणजे किती डोसचं सेटिंग, लावलेला होता. माझ्या मते संघटनेने सर्वोत्तम यंत्राचा आकडा सरसकट सगळ्यांना लावला आणि प्रमुखांनी तरुणांना घाबरवण्यापुरता जुना आकडा उचलला. दर स्लाइसवर ठरला होता. डोसची अट त्यात असती तर या भांडणाला निदान उत्तर मिळालं असतं.

ओमायक्रॉनच्या लाटेत फुप्फुसं तुलनेने वाचली आणि स्कोअरची चर्चा थंडावली. त्या काळातल्या स्कॅनचा आता उपयोग होतो तो धाप लागणाऱ्या जुन्या रुग्णांत. व्रण वाढलाय की तसाच आहे हे पाहायला आधीच्या प्रतिमा लागतात, आणि पुष्कळांकडे फक्त ‘१४/२५’ लिहिलेली पीडीएफ उरली आहे.